तांब्याभर पाण्याबद्दल

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पनवेलच्या आत्याशी मी फोनवर मराठीत बोलत होते आणि मागून तुम्ही विचारलंत, "कुठल्या गावच्या तुम्ही?" इस्रायलमधल्या इस्पितळात हा प्रश्न ऐकून मला रडूच आलं होतं.

सासूबाई आता ९६ वर्षांच्या. हिब्रू विसरत चालल्यात, तोंडात येते ती युरोपातल्या ज्यूंची यिडिश आणि हंगेरियन. १९४४च्या मे महिन्यात हंगेरीतल्या मुंकाचहून त्यांना आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत नेलं तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या. ८ आठवड्यांत हंगेरीतून ४ लाखांवर ज्यू असेच गाड्यांत कोंबून नेले. फलाटावर आई आणि धाकटा भाऊ एका रांगेत, ह्या दुसऱ्या. आंघोळीला नेतोय, असं आईच्या रांगेलाही सांगितलं होतं; नेलं ते विषारी वायूच्या कोठडीत. सासूबाईंच्या रांगेतल्यांचे केस भादरले, आणि वरून खरंच पाणी आलं.

हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. त्या १९४९ साली इथे आल्या तेव्हा छावणीतून वाचलेल्यांना इथली पोरं 'साबण' म्हणायची, नाझी ज्यूंच्या चरबीचा साबण करायचे ह्या अफवेवरून. आपलीच ज्यू पोरं! १९६१ साली, ज्यूंच्या त्या गाड्या धाडणाऱ्या नाझी अधिकारी आइखमानच्या खटल्यात साक्षीदार बोलायला लागले, तर ह्यांनी घरातला रेडिओच बंद ठेवला. उशीखाली पाव ठेवायची सवय मात्र कधी सुटली नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी जिथे होत्या तिथे दोघींनी दंड धरून त्यांना शॉवरखाली उभं केलं. किंचाळल्या म्हणून इंजेक्शन. फायलीत शेरा, 'सहकार्य करत नाहीत'. उशीखालचा पाव कचऱ्यात गेला, वर मुंग्यांवरून आम्हालाच बोलणी.

तुम्ही ती फाईल वाचलीत आणि बादली मागवलीत. तांब्या कुठला मिळायला, प्लॅस्टिकचा जग होता. दार उघडं ठेवून नुसता पडदा ओढलात, त्यांच्यासमोर स्टुलावर बसलात. आधी स्वतःच्या हातावर पाणी घेतलंत, मग त्यांच्या. आणि जग त्यांच्याच हातात दिलात. पहिलं पाणी त्यांनी आपल्या पायांवर आपणच ओतलं. थोडा वेळ त्याकडे बघत बसल्या. मग जग तुमच्यापुढे धरला.

"आमची आजी रेवदंड्याला अशीच न्हाऊ घालायची," तुम्ही मला म्हणालात. "पाणी कुठून येतंय ते दिसायला हवं ना त्यांना."

एवढंच. पाच मिनिटं जास्त लागली असतील. चांगली माणसं हाताने जरा सावकाश असतात, असं मला हल्ली वाटायला लागलंय. घाई करणाऱ्यांकडे नियम असतात.

आत्याने पनवेलहून पितळी तांब्या पाठवलाय. जड आहे, सासूबाई दोन्ही हातांनी धरतात. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत, आंघोळ होते. परवा पाणी जरा जास्त गरम झालं तर हंगेरियनमध्ये मला चांगलं झापलं. पाव अजून उशीखालीच असतो. मी रोज सकाळी ताजा ठेवते.

तुमची,
पनवेलवाली