बाबांचा पत्ता

मिसिसागा
14 ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा काठी टेकत खळ्यात फिरताहेत तो दादाने पाठवलेला व्हिडिओ मी बसमध्ये चार वेळा पाहिला. चाल अजून फेंगडी आहे, पण तोंडावर तरतरी आली. फोनवर तू पाच मिनिटांत "ठेव गो, बिल उठता" म्हणतेस, म्हणून हे लिहिते. दादाकडून वाचून घे, बाबांनाही ऐकू दे.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोठा करून पाहिला. पत्त्याच्या रकान्यात लिहिलंय, म्हापसा, बार्देश. आपलं घर सिंधुदुर्गात, बाबा गोव्यातल्या म्हापशाचे कधी झाले?

मावशीला विचारलं तर ती हसायला लागली. रात्री अकराला गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचलात, बाबा दोन चादरींखाली कुडकुडताहेत, तू रडतेस, संदेश गाडी लावायला गेलेला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "खंयचे तुमी?" मावशीने सवयीने सांगितलं, "म्हापशेचे." त्याने लिहून घेतलं. त्याची काही चूक नाही. मावशीचीही नाही, सावंतवाडीहून निघून पत्रादेवीचा नाका ओलांडला की तिच्या लेखी सगळं आपलंच.

पण माझं इथलं सगळं काम त्या एका रकान्यावर चालतं. तू शेजारी सांगतेस, मुलगी कॅनडात हॉस्पिटलात आहे. मी हॉस्पिटलात नाही गं. मी मोजते. आणि मोजते तो जंतू नेमका बाबांच्या रक्तात निघालेला, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. दादाने रिपोर्ट पाठवला तेव्हा मी ऑफिसात होते. रोज दहा वेळा टाइप करते ते नाव बाबांच्या नावाखाली पाहून पहिल्यांदा नीट वाचताच येईना.

हा जंतू आपल्याला नवा नाही. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, त्यातल्या काही वेळी तोच असणार. घशात किंवा कातडीवर सापडला तर आम्ही मोजत नाही. तो खळ्यात आलेला पाहुणा. रक्तात, सांध्याच्या पाण्यात, मेंदूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे जिथे एरवी एकही जंतू नसायला हवा तिथे सापडला तर मोजायचा. तेव्हा तो देवघरात शिरलेला असतो. लॅबमध्ये एकदा बघायला गेले होते. रक्त घातलेली तांबडी बशी खिडकीकडे धरली, तर मोहरीहून बारीक राखाडी ठिपके, आणि प्रत्येकाभोवती तांबडं खाऊन उरलेलं पारदर्शक कडं. त्या कड्यातून पार्किंगमधल्या गाड्या दिसत होत्या.

बाबांच्या अंगात तो शिरला कुठून, ते डॉक्टरांनी तुला सांगितलंच. चिखल्या. लावणीचे आठ दिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजल्या, त्यावर तू मेंदी लावलीस, आणि तिथल्या भेगेतून हा आत गेला. "पाय सुजलो, ताप इलो, आणि काय!" असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले, कारण मला पुढचं माहीत होतं. इथे 1994 च्या डिसेंबरात ल्युसिएं बूशार नावाच्या विरोधी पक्षनेत्याचा अख्खा पाय याच जंतूपायी कापावा लागला. तेव्हा सगळा देश घाबरला होता म्हणतात. एक बरं, पेनिसिलिनला हा जंतू अजूनही बधला नाही. बाबांना तेच चालू होतं.

आता पत्त्याचं. आमच्या प्रांतात, ऑन्टारिओत, 1992 आणि 1993 अशी दोन वर्षं असे रुग्ण लॅबोलॅबी गोळा केले. 323 निघाले. लोकसंख्येने भागलं तर लाखाला वर्षाकाठी दीड. नुसता हिशेब कळावा म्हणून तेच प्रमाण गोव्याला लाव. 2011 च्या जनगणनेत गोवा साडेचौदा लाख, म्हणजे वर्षाला 22 रुग्ण. सिंधुदुर्ग साडेआठ लाख, म्हणजे 13. आता आपल्याकडचे हे 13 जण तुमच्यासारखे रातोरात बांबोळीला गेले आणि प्रत्येकाच्या मावशीने म्हापसा सांगितलं तर? गोव्याच्या नावावर 35, लाखाला दोनच्या वर. बघणारा म्हणणार, गोव्यात काहीतरी साथ आहे. आणि सिंधुदुर्गात शून्य! लावणीच्या दिवसांत चिखल्यांकडे लक्ष द्या असं आपल्या गावात येऊन सांगायला हवं, ते कुणाच्या डोक्यातही येणार नाही. म्हणून आम्ही उपचार कुठे झाले ते नाही, राहतो कुठे ते धरतो. इथल्या पिनकोडात अक्षरं असतात, एम म्हणजे टोरांटो, मिसिसागा एल. माझ्या दिवसाचे दोन तास एमचे एल करण्यात जातात.

तू विचारलंस, घरातल्यांना औषध का नाही दिलं. इथेही सरसकट देत नाहीत. मांस सडायला लागलं, रक्तदाब कोसळला, अशा फार गंभीर रुग्णाच्याच घरी देतात. त्यासाठी मी फोन करून विचारते, आजाराआधीच्या आठवड्यात रुग्णासोबत रोज सरासरी चार तास कोण होतं? एक आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, बायको शेजारी बसून टीव्ही बघते, ते धरायचं का? धरा म्हटलं. ऑन्टारिओच्या त्याच मोजणीत घरच्या माणसांपैकी हजारी सुमारे तिघांना पुढे हाच आजार झाला. आकडा लहान आहे, पण लाखाला दीडच्या मानाने दोनशेपट. तेव्हा तुला, दादाला किंवा मावशीकडे कुणाला हुडहुडी भरून ताप आला, कुठे लाल होऊन दुखायला लागलं, तर मेंदी-हळद करत बसू नका. थेट डॉक्टर गाठा.

बाबांना सांग, आंघोळीनंतर बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि दिलेलं मलम लावायचं. चतुर्थीला माटवी बांधायला स्टुलावर चढायचं नाही, दादा आहे.

आणि फेरतपासणीला जाल तेव्हा मावशीला गाडीतच बसव. खिडकीवर तू उभी राहा. गाव, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग. लिहून होईपर्यंत हलू नकोस.

तुझी,
बाय