पहिल्या वर्षाचं फिजिक्स म्हणजे नुसता क्लिअर करायचा पेपर नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंग आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाबद्दल लिहितोय. ॲडमिशनच्या दिवसांत घरोघरी ब्रँच, कटऑफ, कॅप राउंड, प्लेसमेंट यावर तासन् तास चर्चा होते, पण पहिल्या वर्षाला काय शिकवतात आणि कसं शिकवतात हे कुणी विचारतच नाही. फिजिक्स, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, केटी लागली नाही, म्हणजे विषय राहिला नाही, की सुटलो. आणि आपण ज्या दगडावर राहतो, ज्या नदीचं पाणी पितो त्याचा अभ्यास तर सिव्हिल किंवा जिऑलॉजी सोडून कुणाच्या वाट्यालाच येत नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाय बनवणाऱ्या विभागात आहे, आमच्याकडे डिप्लोमा-डिग्रीची पोरं ट्रेनी म्हणून येतात. पोरं हुशार असतात, कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल भराभर काढतात, पण याला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, किती आणि का, असं विचारलं की गप्प होतात. एकच जॉब व्हर्नियरने तीनदा मोजला आणि तीन वेगळी मापं आली तर घाबरून त्यातलं एक लिहून मोकळे होतात. यात पोरांचा दोष नाही, त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही.

दोलकावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा साधा प्रयोग घ्या, अकरावीपासून चालत आलेला. एक मीटर लांबीच्या दोलकाला एक झोका, म्हणजे जाऊन परत येणं, पूर्ण करायला साधारण २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना आपला हात सहज ०.२ सेकंद मागेपुढे होतो. एकच झोका मोजला तर वेळेत १० टक्के चूक, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे g मध्ये जवळपास २० टक्के. तेच २० झोके सलग मोजले तर ४० सेकंदांत तेवढीच ०.२ ची चूक, म्हणजे g मध्ये फक्त १ टक्का. वीस झोके का मोजायचे याचं उत्तर एवढंच आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पोरगा आयुष्यभर मापाकडे वेगळ्या नजरेने बघतो. पण माझी मुलगी एफवायला आहे, तिच्या कॉलेजात मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात, g बरोबर ९.८ आला की सही मिळते, आणि जिचं खरं मोजून ९.६ आलं तिला सर म्हणतात परत लिहून आण. हे मला फार लागलं.

माझं म्हणणं असं की पहिल्या वर्षाला फिजिक्स, भूशास्त्र आणि डिझाइन एकाच प्रश्नाभोवती शिकवा, आणि प्रश्न आपल्या जिल्ह्यातला घ्या. पावसाळ्यात तुमच्याच पेपरात रोज छापून येतं, गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला, जिच्यावरून आपण पूर मोजतो, अमुक ठिकाणापर्यंत पाणी. किती जणांना माहितीये की १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर? म्हणजे १००० क्युसेक सोडलं की दर सेकंदाला १० हजार लिटरचे जवळपास तीन टँकर रिकामे होतात. विसर्ग दुप्पट झाला म्हणून पाण्याची उंची दुप्पट होत नाही, कारण पात्र वर रुंद होत जातं आणि वेगही वाढतो, हे समजावून सांगायला गोदाघाटापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

आणि पुरात उतरायची गरज नाही. शेतातल्या पाटचारीवर सरांना सोबत घेऊन जा, टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक लाकडाचा तुकडा पुरतो. दहा मीटर अंतर आखायचं, तुकडा सोडायचा, समजा २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. चारी एक मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल असेल तर गुणाकार करायचा आणि वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून अंदाजे ०.८५ ने गुणायचं, आलं उत्तर सेकंदाला ०.१७ घनमीटर म्हणजे साधारण ६ क्युसेक. दहा वेळा करा, दहा उत्तरं येतील, आणि मग खरं फिजिक्स सुरू होतं.

दगडाचंही तेच. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, एकावर एक थर साचत गेलेला, त्यातच पांडवलेणी कोरलीत. कुठल्या थरात पोकळ्या, कुठे भेगा यावर बोअरला पाणी लागणार की नुसती धूळ उडणार हे ठरतं. पोकळ्यांत बसलेले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये ठेवलेत, जगभरातून लोक बघायला येतात आणि आपली कॉलेजची पोरं शिर्डीला जाताना बाहेरून निघून जातात.

डिझाइनच्या विषयाला पण प्रोजेक्ट नेटवरून उतरवलेले असतात. त्यापेक्षा कांदा चाळ द्या ना. कांदा मधोमध का सडतो, खालून हवा कशी खेळवायची, ढीग किती उंच ठेवायचा. आधी निफाड-लासलगावच्या शेतकऱ्याशी बोलायचं, थर्मामीटर ढिगात खुपसून आठवडाभर नोंद ठेवायची, मग पेन्सिल उचलायची. यात उष्णता, हवेचा दाब, खर्च सगळं येतं.

सिलॅबस युनिव्हर्सिटीच्या हातात आहे हे मान्य, वेळ कमी असतो हेही मान्य, ॲडमिशन लांबल्या की पहिली सेम अर्धीच उरते. पण इंटर्नलचे मार्क तर कॉलेजच्या हातात आहेत. ते कच्च्या रीडिंगच्या पानाला द्या, खाडाखोड असली तरी द्या. दिंडोरी रोडला मेरीसारखी धरणांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिथे परवानगी मागून पहिल्याच वर्षी पोरांना न्या, शेवटच्या वर्षाची वाट कशाला बघायची. कुठल्या कॉलेजला व्हर्नियर-मायक्रोमीटरचं प्रॅक्टिकल खऱ्या जॉबवर करून घ्यायचं असेल तर आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी आणि माझे दोन सहकारी यायला तयार आहोत, मानधन नको.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक