वुस्टरचा निकाल होड्यांनी लावला

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. इंग्लंडच्या यादवी युद्धातली वुस्टर शहराची लढाई संसदेचा सेनापती क्रॉमवेलने निव्वळ संख्याबळावर मारली, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. संख्या होतीच. त्याच्याकडे २८ हजारांच्या आसपास माणसं, आणि स्कॉट फौज घेऊन स्कॉटलंडहून चालून थकलेल्या राजा दुसऱ्या चार्ल्सकडे साधारण त्याच्या निम्मी. पण एकदा नकाशा पुढ्यात घे. सेव्हर्न नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, शहर तिच्या पूर्व काठावर. शहराच्या खाली पश्चिमेकडून टीम नदी येऊन सेव्हर्नला मिळते. चार्ल्सच्या माणसांनी आसपासचे पूल मोडून ठेवले होते, शहराचा पूल मात्र त्यांच्याच ताब्यात. वेढा घालायचा तर क्रॉमवेलला फौज दोन्ही काठांवर विभागावी लागणार, आणि चार्ल्स आतल्या आत हवी तिकडे कुमक फिरवणार. बेत चांगलाच होता.

तो उधळायला सुरुवात झाली २८ ऑगस्ट १६५१ ला, दक्षिणेला दहाएक मैलांवर सेव्हर्नकाठच्या अप्टन गावी. तिथल्या पुलाची कमान पाडली होती, पण खिंडारावर एक फळी तशीच राहिली. क्रॉमवेलचा सरदार लॅम्बर्ट याची १८ माणसं त्या फळीवरून पलीकडे गेली आणि चर्चमध्ये शिरून, बाकीचे नदी ओलांडेपर्यंत तग धरून राहिली. पूल पाडायचा तर शेवटची फळीसुद्धा काढायची, आणि पहारा पुलावरच ठेवायचा. इथे दोन्ही राहून गेलं. मग क्रॉमवेलचा दुसरा सरदार फ्लीटवुड ११ हजारांची फौज घेऊन पश्चिम काठावर उतरला.

आता खरी गोष्ट होड्यांची. वीसेक मोठ्या होड्या जमवल्या आणि ३ सप्टेंबरला पहाटे अप्टनहून प्रवाहाच्या उलट वर ओढायला घेतल्या. फौजेची चाल त्यांच्याच गतीने, त्यामुळे टीमपाशी पोचायला दुपार झाली. (आदल्या वर्षी याच तारखेला क्रॉमवेलने स्कॉटांविरुद्धची डनबारची लढाई जिंकली होती.) संगमाजवळ त्या होड्यांचे दोन पूल बांधले, एक सेव्हर्नवर, एक टीमवर, एकमेकांपासून पिस्तुलाच्या टप्प्यात. नुसता टीमवर पूल बांधला असता तर फ्लीटवुड एकटा पडला असता. दुसऱ्या पुलामुळे शहराच्या पुलाचा जो फायदा चार्ल्सला होता, तोच क्रॉमवेललाही मिळाला.

टीमवरच थोडं वर पॉविकच्या मोडक्या पुलावर चार्ल्सचे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले सैनिक, चिवटपणे लढत होते. १६४२ च्या सप्टेंबरात या युद्धाची पहिली मोठी चकमक झाली तीही इथेच. क्रॉमवेल स्वतः पलटणी घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला आला आणि स्कॉटांना कुंपणामागून कुंपणामागे रेटत नेलं. शेतांच्या त्या झाडोऱ्याच्या कुंपणांमुळे घोडदळाला मोकळं मैदान मिळेना, बंदूक आणि भाल्यांवरच भागवावं लागलं.

चार्ल्स हे कथीड्रलच्या मनोऱ्यावरून बघत होता. क्रॉमवेलची पूर्वेची फळी विरळ झालेली पाहून तो शहराच्या सिडबरी वेशीतून बाहेर पडला आणि पूर्वेच्या पेरी वुड व रेड हिल या टेकड्यांवर चढला. समोर बरीचशी नवखी मिलिशिया, म्हणजे गावोगावची हौशी शिबंदी, ती मागे हटू लागली. तीनेक तास झुंज चालली. पण क्रॉमवेल त्याच होड्यांच्या पुलावरून परतला आणि पारडं फिरलं. क्रॉमवेलच्या एसेक्स परगण्यातल्या मिलिशियाने चार्ल्सचा वेशीबाहेरचा फोर्ट रॉयल हा कोट घेतला आणि तिथल्या तोफा शहराकडेच वळवल्या. सिडबरी वेशीत दारूगोळ्याची गाडी उलटून वाट तुंबली, पळणारे तिथेच कोंडले.

सुमारे ३ हजार स्कॉट पडले, १० हजारांच्या घरात कैद झाले, आणि कित्येकांची रवानगी अमेरिकेतल्या वसाहतींत झाली. चार्ल्स सहा आठवडे लपतछपत १५ ऑक्टोबरला शोरहॅमहून फ्रान्सला निसटला. तो त्या दिवशी हाती लागता, तर दहा वर्षांनी पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण घ्यायला कोण होतं?

तुझ्या बाजूने एकच मुद्दा मी मानतो. शहराच्या उत्तरेला चार्ल्सचा स्कॉट सरदार लेस्ली याचं घोडदळ होतं, ते चार्ल्सच्या मदतीला आलंच नाही. रेड हिलवर ते ऐन वेळी पोचतं, तर क्रॉमवेल परतेपर्यंत त्याची पूर्वेची फळी टिकली असती असं मला वाटत नाही. याबद्दल तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

तुझा,
अनिरुद्ध