मंग्या, तुझी डिस्क गेलेली नाही

नाशिक, रविवार रात्र

मंग्या,

तू क्लोन केलेलं (जुन्या मशीनच्या डिस्कची हुबेहूब कॉपी काढून बनवलेलं) व्हर्च्युअल मशीन उठत नाहीये, त्याचा तुझा फोटो काल साडेबाराला आला, झोपेतच बघितला, आणि काळ्या स्क्रीनवर ते ड्रॅकट (लिनक्स सुरू व्हायची पहिली तयारी करणारा प्रोग्राम) आणि पुढे लुकलुकणारा कर्सर दिसला तेव्हाच म्हटलं हा पण पडला त्याच खड्ड्यात. सकाळीच फोन करणार होतो, पण रविवारी मिसळ झाल्याशिवाय आमच्या घरात कोणी कामाचं बोलत नाही आणि मिसळ झाल्यावर कोणी जागं नसतं, तुला माहितीये.

पहिलं म्हणजे सर्व्हर नव्याने टाकायला घेऊ नको. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला, कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड झाला, म्हणजे कॉपी बऱ्यापैकी नीट झालीये. अडलंय ते रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सगळी सिस्टिम असलेला भाग, शोधताना. त्या शेलमध्येच, म्हणजे त्या कर्सरसमोर, बीएलके-आयडी कमांड मार. पार्टिशन आणि त्यांचे यूयूआयडी (ओळख-नंबर) दिसले पण ग्रबमधल्याशी जुळत नसतील तर यूयूआयडीचा लोचा, आणि काहीच दिसलं नाही तर कर्नलला डिस्कच दिसत नाहीये. तुझं दुसरं असणार, पैज लाव. जुन्या मशीनला डिस्क साटावर (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) होती आणि क्लोनला तू व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीची खास पद्धत) दिलीस ना, फास्ट असते म्हणून? तिथेच माशी शिंकली. रॉकी लिनक्समध्ये इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टिम) बनवताना ड्रॅकट त्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर भरतो, आणि जुन्या मशीनला व्हर्टआयओचं कामच नव्हतं. उबुंटूवाले बहुतेक सगळेच भरून ठेवतात म्हणून ते निवांत असतात.

उपाय सोपा आहे. मशीन बंद कर, डिस्क परत साटावर घे, बूट कर, आणि ड्रॅकट चालव, सोबत फोर्स, नो-होस्टओन्ली आणि रिजनरेट-ऑल हे तिन्ही ऑप्शन. मग बंद करून व्हर्टआयओ दे. ग्रबमध्ये खाली रेस्क्यू एन्ट्री असते, तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात, तिच्यावरूनही उठेल, पण तिचा कर्नल इन्स्टॉलच्या वेळचा असतो, म्हणून रिजनरेट-ऑल विसरलास तर ड्रॅकट त्या जुन्याचाच इनिटरॅमएफएस बनवेल आणि तू परत मला साडेबाराला फोटो पाठवशील.

त्यानंतरही दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडला गेलं तर एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, त्याची यादी) बघ, कुणीतरी एसडीबी-वन असं नाव सरळ लिहून ठेवलेलं असणार. व्हर्टआयओवर ते व्हीडीबी-वन होतं. तिथे यूयूआयडी टाक, मोकळा हो.

आता माझी फजिती ऐक, कुणाला सांगू नको. गेल्या पावसाळ्यात अंबडच्या एका कारखान्याचं बिलिंगचं मशीन क्लोन केलं, साधी ईएक्सटी-फोर फाइल सिस्टिम, मध्ये एलव्हीएमचा थर नाही. क्लोन उठेना म्हणून मी शहाण्याने ती डिस्क मूळ मशीनलाच दुसरी म्हणून जोडली आणि रीस्टार्ट केलं. छान उठलं. क्लोन दुरुस्त केला, मशीन तसंच चालू ठेवलं, त्यांची माणसं दिवसभर बिलं करत होती. संध्याकाळी क्लोनची डिस्क काढली आणि दिवसभराची बिलं गायब! अकाउंटवाले काका माझ्याकडे असे बघत होते की मीच खिशात घालून नेली. दोन तास डोकं खाजवल्यावर डिस्क परत जोडून एलएसबीएलके (कोणतं पार्टिशन कुठे माउंट आहे ते दाखवणारी कमांड) मारलं तर रूटच्या तिरक्या रेघेसमोर एसडीबी-टू, म्हणजे दुसरी डिस्क, क्लोनची. अरे, क्लोन म्हणजे यूयूआयडी पण तोच, कर्नलने मागितला, दोघांपैकी जी आधी हाताला लागली ती घेतली, आणि दिवसभर मशीन क्लोनवरून चाललं होतं. बिलं सापडली, कॉपी करून परत टाकली, पण त्या दिवशी घामाने शर्ट पिळून निघाला.

म्हणून मूळ आणि क्लोन एका मशीनला जोडू नको, लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) एकट्या क्लोनवर काम कर. एक्सएफएस फाइल सिस्टिम असेल तर त्याच यूयूआयडीचं एक आधी माउंट असताना दुसरं स्वतःच माउंट व्हायला नकार देतं, त्या बाबतीत ते शहाणं. यूयूआयडी बदलायच्या भानगडीत उगाच पडू नको, बदललास की एफएसटॅब आणि ग्रब दोन्हीकडे बदलावं लागतं आणि एक तरी राहतंच.

उठल्यावर एटीसी फोल्डरमधली मशीन-आयडीची फाइल रिकामी कर (डिलीट नको), नाहीतर दोन्ही मशीन एकाच आयपीसाठी भांडू शकतात, आणि एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) नव्या बनव.

कुंभासाठी इकडे रस्ते उखडलेत, येणार असलास तर गाडीने नको, ट्रेनने ये. काकूंना नमस्कार. आणि बीएलके-आयडीचा फोटो पाठव, पण दिवसा.

तुझा,
बाळ्या