तोंडाचा वास आणि बाबांचे पोट

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तोंडाला वास येतो या संकोचाने तुम्ही भजनी मंडळात जाणे सोडले आहे, आणि एकदा पोट साफ झाले की वासही जाईल या भरवशावर रोज रात्री त्रिफळा चूर्ण घेत आहात, असे आईकडून कळले. या विषयावर फोनवर बोलायला तुम्हालाही अवघड वाटेल आणि मलाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदाच सांगते की तुमच्या पोटाचा यात बहुधा काहीही दोष नाही. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. त्यामुळे पोटातला वायू दिवसभर तोंडावाटे बाहेर येत राहत नाही. ढेकर आला किंवा जळजळून आंबट पाणी घशाशी आले तर वास येतो, पण तो तेवढ्यापुरताच. कायम राहणाऱ्या दुर्गंधीचा उगम बहुतेक माणसांत तोंडातच असतो, आणि चूर्णाने तोंड स्वच्छ होत नाही.

जिभेचा मागचा, घशाकडचा भाग खरबरीत असतो, तिथे ब्रश सहसा पोहोचत नाही आणि तोंडातली हालचालही कमी असते. तिथे आणि हिरड्यांच्या कडेच्या फटींत प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू राहतात. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी आणि नाकातून घशात उतरणारा शेंबूड यांतल्या प्रथिनांचे ते विघटन करतात आणि त्यातून गंधकाचे वायू तयार होतात. त्यांतला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे नासलेल्या अंड्याचा वास देणारा वायू. तुम्ही रोज जीभ घासता हे मला ठाऊक आहे, पण तुमची घासणी पुढच्या निम्म्या जिभेवरच फिरते. जीभ पूर्ण बाहेर काढून, श्वास हळूहळू सोडत, घासणी शक्य तितकी मागे टेकवावी आणि हलक्या हाताने पुढे ओढावी. श्वास सोडताना उमासा कमी येतो. असे तीन-चार वेळा केले की पुरे, कारण जोर लावून जीभ लाल करण्यात काहीच लाभ नाही. घासणी तांब्याची असो की स्टीलची, फरक पडत नाही.

तुमच्या बाबतीत मला अधिक संशय आहे तो कोरड्या तोंडाचा. लाळ दिवसभर तोंड धूत असते. झोपेत ती फार कमी होते, म्हणून सकाळी उठल्यावर कोणाच्याही तोंडाला वास येतो आणि चूळ भरून, दात घासून, काही खाल्ले की तो जातो. तुमचा वास मात्र दुपारीही असतो असे आई म्हणते. लाळ कमी करणारी औषधे पुष्कळ आहेत: रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, वारंवार लघवीला जावे लागते त्यावरचे औषध, नैराश्यावरची काही औषधे. यांपैकी निदान दोन तुमच्या डब्यात आहेत. म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची असा याचा अर्थ मुळीच नाही. पुढच्या तपासणीला तुमच्या डॉक्टरांना ‘तोंड कोरडे पडते’ एवढे स्पष्ट सांगा, म्हणजे गोळी किंवा तिची मात्रा बदलता येईल का हे ते ठरवतील. तोपर्यंत पाण्याचा तांब्या जवळ ठेवून थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी प्यावे. डॉक्टरांनी पाण्यावर काही मर्यादा घातली असेल तर ती मोडू नये, नुसती चूळ भरली तरी तोंड ओले होते. नाक चोंदल्यामुळे तुम्ही रात्री तोंड उघडे टाकून झोपता, त्यानेही तोंड सुकते, तेव्हा नाकाचा इलाजही लांबवू नका. जाहिरातीत दिसणारे, जिभेला झोंबणारे माउथवॉश आणू नयेत, कारण त्यांतल्या काहींत अल्कोहोल असते आणि कोरड्या तोंडाला ते सोसत नाही. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश दंतवैद्य कधी कधी देतात, पण तो थोडेच दिवस वापरायचा असतो. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बदलते.

आता हिरड्या. दात घासताना बेसिनमध्ये लाल दिसते म्हणून तुम्ही हळूहळू तिकडची बाजू घासणेच सोडून दिलेत. हे उलट झाले, कारण रक्त येते ते तिथे कीटण साचून हिरडी सुजल्यामुळे, आणि न घासल्याने कीटण वाढतच जाते. तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून मी याकडे अधिक गांभीर्याने पाहते. साखर वाढलेली राहिली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात, हे आपल्या आळीत प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलेले आहे. वस्तुस्थिती अशी की हिरडी आणि खालचे हाड आधीच झिजलेले असते, वर जमलेल्या टणक थराने दात तात्पुरते जखडल्यासारखे राहतात आणि तो थर काढल्यावर मुळातला सैलपणा जाणवतो. दात सैल होतो तो आजाराने, सफाईने नव्हे. तेव्हा या महिन्यात दंतवैद्याकडे जाऊन सफाई करून घ्या. घरी मऊ ब्रशने, फ्लोराइड असलेल्या पेस्टने, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे घासा. दोन वेळांपैकी एकदाच जमणार असेल तर रात्रीचे घासणे चुकवू नका. दातांमधल्या मोठ्या फटींसाठी औषधांच्या दुकानात बारीक ब्रश मिळतात, काडीपेक्षा ते फार बरे.

तुमच्या वरच्या कवळीविषयीही लिहायला हवे. ती रात्री तोंडात ठेवून झोपायची नाही. कवळीखाली अन्न अडकते, बुरशी वाढते, टाळू लाल होतो, आणि त्या प्लॅस्टिकलाच वास बसतो. रोज रात्री ती काढून, बेसिनमध्ये पाणी भरून किंवा खाली टॉवेल अंथरून (हातातून निसटली तर फुटू नये म्हणून), वेगळ्या ब्रशने आणि सौम्य साबणाने आतून-बाहेरून घासावी आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, कवळीचा आकार बिघडतो. पेस्टमध्ये खरबरीत कण असतात, त्यांनी कवळीवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण साचते.

आई, तुला वाटत असेल की हे पत्र बाबांचे आहे. तुझी मिश्री मी विसरलेले नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरडीवर चोळली की दात स्वच्छ होतात असे आजीने तुला सांगितले आणि तू ते मनापासून मानलेस, परंतु दिवसातून इतक्यांदा ती लावावीशी वाटते याचे कारण दात नसून तलफ आहे. तिने हिरड्या खाली सरकतात, तोंडाला उग्र वास येतो, आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. जेवणानंतरची सुपारीही त्याच वाटेने जाते, तिच्यात तंबाखू नसली तरीही. एका दिवसात सुटणार नाही हे मला समजते. तरी वेळा कमी करत ये, आणि दंतवैद्याला हे न लपवता सांग. बडीशेप, वेलदोडा, लवंग यांनी वास घटकाभर झाकला जातो, एवढाच त्यांचा उपयोग. रंगीत साखरेची बडीशेप मात्र नको.

लसणाची चटणी खाल्ल्यावर येणारा वास वेगळा. लसणातला गंधकयुक्त पदार्थ रक्तात जाऊन फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, म्हणून दात घासून तो जात नाही, वेळ गेला की जातो. त्याची काळजी नको. कडक उपवासातही शरीर चरबी जाळते आणि श्वासाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. पण बाबा, मधुमेहात असाच वास येऊन सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, मग साखरेचा आकडा फार वाढलेला दिसत नसला तरी. श्वासाला अमोनियासारखा वास येऊ लागला तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा फोड दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर तो दुखत नसला तरी तुम्हा दोघांपैकी कोणीही तो दाखवल्याशिवाय राहू नये.

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही, कारण नाकाला त्याची सवय झालेली असते. काहींना नसलेला वासही असल्याचा भास होतो. चमच्याने जिभेचा मागचा भाग खरवडून क्षणभराने हुंगला तर थोडा अंदाज येतो, पण खरे सांगणारी आईच. तिला विचारा, आणि तिने सांगितलेले ऐकून घ्या. आठवडाभर जीभ, कवळी आणि पाणी एवढे सांभाळल्यावर काय फरक पडला हेही तिलाच विचारा. तोंड आणि हिरड्या स्वच्छ निघूनही वास राहिला, तर मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून सायनस आणि टॉन्सिल तपासून घेऊ.

दंतवैद्याकडे जाताना कवळी घालून जा, सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या आणि अलीकडचा साखरेचा रिपोर्ट बरोबर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सफाईपूर्वी सांगायची असते, तुम्ही विसराल म्हणून आईने सांगावे. पाकिटांचे फोटो आधी मला व्हॉट्सॲपवर पाठवा, कोणत्या गोळीने तोंड कोरडे पडते त्याची यादी मी करून ठेवते.

तुमची,
माई