डिपॉझिट कोणत्या रकान्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घर भाड्यानं देण्याविषयीचा लेख वाचला. 'घरबसल्या उत्पन्न' असा त्याचा एकंदर सूर. माझी सारी नोकरी हिशेबनिसाची. निवृत्तीनंतर माझं एक आणि थोरल्या जाऊबाईंचं एक अशी दोन भाड्याची घरं मीच बघते, त्यामुळे लेखातलं गणित पेन्सिल घेऊनच वाचलं. बारा महिन्यांचं भाडं, वजा कर, वजा देखभाल, उरला तो नफा. रिकाम्या महिन्याचा, डिपॉझिटचा आणि झिजेचा रकानाच नाही. मालक-भाडेकरूंची बहुतेक भांडणं याच तीन ठिकाणी लागतात, निदान माझ्या पाहण्यात तरी.

वर्षातून एक महिना घर बंद राहिलं की वर्षाच्या भाड्यातले ८.३३ टक्के गेले. पाच टक्के वाढीच्या हट्टापायी चांगला भाडेकरू सोडून गेला आणि नवा मिळायला महिना लागला, तर तेवढा एक महिना भरून यायला ती वाढ २० महिने मिळावी लागते. एजंटचं कमिशन आणि रंगकाम यात धरलेलंच नाही. जाऊबाई दरवर्षी विचारतात, "अगं, भाव कुठल्या कुठे गेलेत, तू जुन्या भाड्यावर काय बसलीस?" मी कागदावर मांडून दाखवते. त्या मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारतात.

डिपॉझिटचं दुखणं याहून मोठं. ते आपल्या खात्यात आलं तरी हिशेबात ते देणं आहे. पण कितीतरी मालक ते हाती पडताच खर्चून मोकळे होतात. जुन्या भाडेकरूला परत द्यायचं ते नव्याच्या डिपॉझिटमधून, आणि नवा येईपर्यंत "पुढच्या आठवड्यात बघू". द्यायला पैसे नसले की मग भिंतीवरचे डाग मोजणं सुरू होतं. मालकांना हे झोंबेल. मीही मालकच आहे.

डाग मोजायचेच असतील तर नीट मोजावेत. रंग ५ वर्षं टिकेल असं धरून लावला आणि तिसरं वर्ष संपता संपता भाडेकरूच्या मुलानं दिवाणखान्याची भिंत खडूंनी रंगवून ठेवली. मालकाचं नुकसान उरलेल्या दोन वर्षांचं, म्हणजे त्या भिंतीच्या खर्चाच्या ४० टक्के. अख्ख्या घराच्या रंगाचं बिल त्याच्या नावावर टाकणं ही सरळसरळ लबाडी आहे. दाराला ड्रिलनं पाडलेलं भोक मात्र झिजेत येत नाही, ते त्यानंच भरून द्यावं. गीझरचंही असंच. तो १० वर्षं चालेल असं धरलं तर त्याच्या किमतीचा १२०वा भाग दर महिन्याच्या भाड्यातून बाजूला काढून ठेवावा. मग तो बंद पडला की "तुम्हीच नीट वापरला नाही" हे ऐकवायची वेळ येत नाही.

खर्च कोणाच्या नावे टाकायचा हे ठरवायला आधी कारण सापडावं लागतं. त्यात खरा वेळ जातो. माझ्या घरातल्या भाडेकरू मुलीचा फोन आला, "काकू, कपाटामागची भिंत काळी पडलीय." प्लंबर येऊन बघून गेला आणि म्हणाला, घरात ओले कपडे वाळत घालतात, त्यानं बुरशी धरली. मुलगी म्हणे, भिंतच पाझरतेय. मी भिंत पुसून कोरडी करून घेतली आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन चारी कडांनी चिकटपट्टी लावून बंद केला. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला पाणी जमलं तर ती खोलीतल्या हवेतली वाफ. कपाट चार बोटं पुढे ओढायचं, खिडकी उघडी ठेवायची. भिंतीकडच्या अंगाला जमलं तर ओल आतून येतेय. दोन दिवसांनी फॉइल सोडवली तर थेंब भिंतीकडच्या बाजूला. पलीकडच्या न्हाणीघरातल्या पाइपचा सांधा गळत होता. खर्च अर्थातच माझा. पण मुलीनं पहिला डाग दिसल्यावरच कळवलं असतं तर इतकं प्लास्टर पाडावं लागलं नसतं. मालक आपल्यावरच ढकलतील या भीतीनं ती गप्प राहिली होती.

पाण्याचं बिल अचानक वाढलं तरी असाच वाद. सगळे नळ बंद करून मीटर बघावा. काटा हलत असेल तर कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावं. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. भाडेकरूनं पाणी उधळलं असा आरोप करण्याआधी एवढं करायला हरकत नाही.

एका खर्चात मात्र मी वाटणी करत नाही, तो गॅस गीझरचा. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला ना रंग, ना वास, आणि त्यानं माणूस दगावतो. दोन्ही घरांतले गॅस गीझर मी काढून टाकले. भाड्याच्या तुलनेत परवडतं का, हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही.

पुरवणीत पुन्हा असं गणित छापाल तेव्हा वरचे तीन रकाने त्यात घालावेत. शिवाय घर ताब्यात देता-घेताना भरायचा एक कोरा तक्ता द्यावा, अशी विनंती. मीटरचं रीडिंग, किल्ल्या किती, सिंकखालचे-बेसिनखालचे नळ उघडून पाहिले का, प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढले का, आणि खाली दोघांच्या सह्या. अर्ध्या पानात मावेल. एजंट असं काही देत नाहीत, कमिशन मिळालं की त्यांचं काम संपलं.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस