साडेदोन का नाही?

ती. बाई यांस,
सा. न.

तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही "पुरे गं, चहा टाकते" म्हणालात, दुसऱ्यांदा मला कोथिंबीर निवडायला बसवलंत. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

लेक चार वर्षांची असल्यापासून संध्याकाळी खालच्या मजल्यावर तुमच्याकडे येते. आता दुसरीत आहे. तिला सांभाळलंत, भरवलंत, पाढे म्हणवून घेतलेत, त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण हे पत्र त्यासाठी नाही. माझ्या स्वतःच्या कामात तुमचा हात कसा लागला, ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

चौदा वर्षं मी जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितेय. मुलगी झाल्यावर काम सुटलं नाही, पण नवं काही सुचणं सुटलं. नेमून दिलेलं करायचं, जुन्या कोडला ठिगळं लावायची, सहाला लॅपटॉप मिटून धावत घरी यायचं. एवढ्यात दिवस संपत होता. सहकारी नव्या भाषा शिकत होते, मी डायपरच्या ब्रँडांवर तज्ज्ञ झाले होते. मग हट्टाने एलिक्सिर ही संगणकाची दुसरी भाषा शिकायला घेतली. रात्री लेक झोपली की फोनच्या उजेडात वाचायचं. तिसऱ्या पानावर माझाही डोळा लागायचा.

एलिक्सिरचं थोडं सांगते, तुम्ही मागे विचारलं होतंत. जोझे वालिम या ब्राझीलच्या प्रोग्रॅमरने ती तयार केली. तिच्या खालचा पाया एर्लांग या जुन्या भाषेचा. एर्लांगचं काम १९८६ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झालं, टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी. या भाषांमध्ये एकच फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा भाग, तुकड्यातुकड्यांत लिहितात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक नमुना असतो. जो आकडा किंवा शब्द येईल तो वरून खाली एकेका नमुन्याशी लावून पाहायची. जिथे पहिल्यांदा जुळेल तिथलं काम करायचं आणि थांबायचं. वाचताना कळत होतं, पण हाताला येत नव्हतं. मी आपली पुन्हापुन्हा जावासारखं 'जर, नाहीतर, नाहीतर जर' लिहीत बसायचे.

आणि मग ती संध्याकाळ. लेक घड्याळ वाचत होती. "साडेपाच, साडेचार, साडेतीन, साडेदोन…" मी म्हटलं, साडेदोन नाही, अडीच. "का नाही?" मी म्हटलं, असंच असतं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "असंच असतं हे उत्तर नव्हे. तुझ्या ऑफिसात चालत असेल."

तुम्ही पाटी घेतलीत. (तुमच्या घरात पाटी आहे, खरी दगडी, हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.) एकाखाली एक तीन ओळी लिहिल्यात. १ आला तर दीड. २ आला तर अडीच. मग कोणीही येवो, त्याच्यामागे साडे. लेकीने विचारलं, तिसरी ओळ पहिल्यांदा का नाही लिहिली? तुम्ही म्हणालात, "विसर्जनाची मिरवणूक पाहिलीस ना? आधी मानाचे, मग बाकीचे. बाकीच्यांना पुढे सोडलं तर मानाच्यांना रस्ताच उरायचा नाही."

बाई, मी तीन आठवडे जे पुस्तकातून कळून घेत होते ते तुम्ही तीन ओळींत पाटीवर मांडलंत. विशेष आधी, सर्वसाधारण शेवटी. रात्री मी तेच एलिक्सिरमध्ये लिहिलं, तीन ओळी, आणि मुद्दाम तिसरी ओळ वर नेली. तर भाषेने स्वतःहून सूचना दिली, की खालच्या ओळींपर्यंत कोणी पोहोचणारच नाही. मी एकटीच हसले. कुणी म्हणेल यात काय मोठं, जावातही स्विच आहे, पर्यायांच्या यादीतून जुळेल तो निवडणारा. आहे की. चौदा वर्षं वापरतेय. पण तो मला कधी मिरवणूक वाटला नव्हता.

त्यानंतर मी तुमच्या मराठीकडे वेगळ्या कानाने ऐकू लागले. सव्वा हा नुसता आकडा नाही, पुढे काय येतं त्याची वाट पाहणारा शब्द आहे. सव्वातीन म्हणजे ३.२५, पण सव्वाशे म्हणजे १२५ आणि सव्वातीनशे म्हणजे ३२५. पुढचा शब्द बदलला की त्या पाव भागाचं वजनच बदलतं. पावणेदोन आणि एकोणतीस दोन्ही पुढच्या मुक्कामावरून मागे मोजतात, दोघांत तेच 'ऊन', म्हणजे कमी, दडलंय. अडीच हा मुळात अर्धतृतीय, अर्धा तिसरा. लग्नाआधी मी पुणेकरांच्या रिवाजाप्रमाणे जर्मनचा क्लास लावला होता. तिथे अडीच वाजले हे 'हाल्ब द्राय' असं सांगतात, अर्धा तीन. तेव्हा मी त्या भाषेला तऱ्हेवाईक म्हणत होते. एकवीसला 'आइनउंडत्स्वांत्सिश', म्हणजे एक आणि वीस म्हणतात म्हणूनही हसले होते. आपल्या एकवीसमध्ये तरी दुसरं काय आहे?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर रण पेटलं, तेव्हा मीही तावातावाने विरोधात बोलले होते. तुम्ही शांतपणे मला बत्तीसपासून ब्याण्णवपर्यंत दोनचे आकडे म्हणायला लावलेत. बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. "यातला दोन कुठे दिसतो, दाखव." पहिल्यांदा शिकणाऱ्या पोराला किती जड जातं ते तेव्हा कळलं. दोन्ही शिकवावं असं तुमचं मत. माझं अजून पक्कं होत नाही.

आणि आण्यांची गोष्ट. एका दुपारी मी तुम्हाला सांगत होते, की संगणकाला दशांश १ आणि दशांश २ यांची बेरीज विचारली तर तो शेपटाला भलताच ४ लावून देतो, कारण त्याची मोजणी अर्धा, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा अशी चालते आणि एक दशांश तिच्यात नेमका बसत नाही. तुम्ही विचारलंत, "पाव बसतो का?" बसतो. पाऊण? बसतो. "मग आणा? रुपयाचा सोळावा भाग?" मी कागदावर करून पाहिलं. तंतोतंत बसतो. जुना पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग, तोही. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले, तिथून हे बिनसलं म्हणायचं. फक्त पै बसत नाही. आण्याच्या बारा पै, त्यात तीन आला. "पैच ती, कधी बसली होती?" असं म्हणून तुम्ही मोठ्याने हसलात. मी हा किस्सा ऑफिसातल्या तिघांना तरी सांगितलाय.

पालिकेच्या शाळेत शनिवारी सातवीच्या मुलांना शिकवायला तुम्हीच मला ढकललंत. निम्मे संगणक बंद होते. पहिल्या दिवशी मी स्लाइड घेऊन गेले होते, त्या पिशवीतच राहिल्या. शेवटी तीन मुलींना रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्यावर एक नियम. समोरून मुलं आकडा घेऊन येणार. पहिली म्हणणार 'दीड', दुसरी 'अडीच', तिसरी कुणालाही 'साडे'. मग तिसरीला पुढे आणलं. साडेएक! साडेदोन! वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पुढच्या दोघी नुसत्याच उभ्यात की."

तो मुलगा मला घरापर्यंत पुरला. आमच्याकडे मालवाहतुकीचे दर ठरवणारा एक जुना कोड आहे. 'जर, नाहीतर'ची जिन्यासारखी उतरंड, कुणी हात लावायला धजत नाही. एका ग्राहकाला ठरलेला खास दर मिळत नाही अशी तक्रार महिनोन्‌महिने यायची, आणि आम्ही दर वेळी बिल हाताने दुरुस्त करायचो. सोमवारी मी ती उतरंड उघडली आणि त्या मुलाच्या नजरेने वाचली. नुसतंच उभं कोण आहे? सापडला. खास दराच्या वर एक सर्वसाधारण नियम बसला होता, आणि कोडमधल्या बदलांचा इतिहास पाहिला तर तो तिथे मीच टाकलेला, बाळंतपणाच्या रजेच्या आदल्या आठवड्यात. मग सगळा जिना मोडून नियमांची साधी यादी केली. मानाचे आधी. जावातच केली, एलिक्सिर ऑफिसात अजून शिरलेली नाही. चारशे ओळींच्या नव्वद झाल्या. नव्या मुलाने वाचून विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? मी म्हटलं, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंची.

रात्रीचं शिकणं अजून तसंच चाललंय, अजूनही तिसऱ्या पानावर झोप लागते. पण आता कागद-पेन उशाशी असतं, आणि त्यावर बहुतेक वेळा लेकीचेच प्रश्न लिहिलेले असतात.

परवाचा एक तुमच्यासाठी राखून ठेवलाय. तिने तुमच्या पाटीवरचे नियम वहीत उतरवून पुढे वाढवलेत. पावणेएक म्हणत नाहीत, पाऊण म्हणतात, हा मानाचा तिने स्वतः शोधला. मग विचारलं, "आई, शून्य आला तर? साडेशून्य म्हणजे अर्धा, आणि सव्वाशून्य म्हणजे पाव, हो ना?"

'असंच असतं' म्हणाले नाही. बाईंना विचारू म्हटलंय. शनिवारी शाळेतून परस्पर तुमच्याकडेच येतो आहोत. औटकीही तिला तुमच्याकडूनच शिकायचीय, मला साडेतीनचा पाढा साताच्या पुढे येत नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची